फळी, जेवण आणि मंडळ : ‘बोर्ड’ या शब्दाची पार्श्वभूमी

दहावीतला मुलगा बोर्डाची परीक्षा देतो. त्याच्या वर्गात बाई बोर्डावर गणित सोडवून दाखवतात, घरातला दिवा लागेनासा झाला की वायरमन आधी बोर्ड उघडून पाहतो, आणि सातारा-कोल्हापूरकडचे त्याचे आजोबा ‘आम्ही बोर्डिंगात राहून शिकलो’ असे अभिमानाने सांगतात. परीक्षा घेणारी संस्था, भिंतीवरचा फळा, विजेची बटणे बसवलेली पाटी आणि गरीब मुलांचे वसतिगृह यांना जोडणारे वरवर पाहता काहीच नाही. तरीही हा शब्द एकच आहे, आणि त्याचा प्रवास उलट दिशेने तपासत गेले की आपण एका लाकडी फळीपाशी येऊन पोहोचतो.

जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे फळी. फळ्यांची ढाल होत असे, म्हणून त्या काळच्या काव्यात हा शब्द ढालीसाठीही येतो. ‘कड’ किंवा ‘काठ’ या अर्थाचा जवळजवळ त्याच उच्चाराचा दुसरा एक जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्या भाषाकुळातल्या त्यातला, शब्द होता. हे दोन्ही शब्द पुढे एकमेकांत इतके मिसळले की त्यांना वेगळे काढणे कठीण झाले. जहाजाची बाजू हा अर्थ त्या मिसळणीतला आहे. फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत परतलेला ‘बॉर्डर’ हाही त्या काठवाचक शब्दाचाच वंशज आहे. जहाजाचे सुकाणू पूर्वी उजव्या बाजूला बांधलेल्या वल्ह्याच्या रूपात असे, त्यामुळे ती बाजू सुकाणूची, म्हणजे ‘स्टारबोर्ड’ ठरली. डावी बाजू ‘लारबोर्ड’ होती. पण वादळात ओरडून दिलेल्या आज्ञेत हे दोन शब्द सारखेच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये डाव्या बाजूसाठी ‘पोर्ट’ हा शब्द सक्तीचा केला. शत्रूच्या जहाजाच्या कडेला आपले जहाज भिडवून त्यावर चढणे, हा ‘बोर्ड’ या क्रियापदाचा एक जुना अर्थ होता. आज विमानतळावर हाती पडणाऱ्या ‘बोर्डिंग पास’मध्ये त्यातले फक्त चढणे उरले आहे.

मराठी समाजाच्या दृष्टीने मात्र या शब्दाची दुसरी शाखा अधिक महत्त्वाची आहे, आणि ती जेवणाच्या टेबलापासून फुटते. मध्ययुगीन इंग्लंडच्या दिवाणखान्यात कायमचे टेबल क्वचितच असे. जेवणाच्या वेळी लाकडी घोड्यांवर, म्हणजे उभ्या आधारांवर, लांब फळ्या टाकत, जेवण आटोपले की त्या उचलून भिंतीशी लावत. आपल्याकडे पंगतीपुरते पाट मांडून नंतर उचलून ठेवतात, तसाच हा प्रकार होता. त्या फळीला ‘बोर्ड’ म्हणत, आणि हळूहळू फळीवर वाढलेल्या अन्नालाही तेच नाव मिळाले. पैसे देऊन दुसऱ्याच्या घरी जेवणारा तो ‘बोर्डर’ झाला. एस. टी. स्टँडसमोरच्या ‘लॉजिंग-बोर्डिंग’ या पाटीतले पहिले पद राहण्याचे आणि दुसरे जेवणाचे आहे. (पेले मांडण्याची फळी तो ‘कपबोर्ड’. आपले ‘कपाट’ त्यावरून आले असावे असे अनेकांना वाटते, पण संस्कृतात ‘कपाट’ म्हणजे दाराची फळी असून आपले ‘कवाड’ही त्याच घराण्यातले आहे; हे साम्य योगायोगाचे आहे.)

जेवणाचा हा अर्थ महाराष्ट्रात किती खोल रुजला, हे कोल्हापूरच्या इतिहासावरून कळते. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर राहायचे कोठे आणि जेवायचे काय, या अडचणीपाशी बहुजन समाजाचे शिक्षण अडत होते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढले, ज्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. फळीवर वाढलेले अन्न हा या शब्दाचा जुना अर्थ त्यांच्याइतक्या पूर्णपणे कोणी जगून दाखवला असेल, असे मला वाटत नाही.

त्याच टेबलाभोवती माणसे कामकाजासाठीही बसत, आणि सोळाव्या शतकापर्यंत बसणाऱ्यांनाच ‘बोर्ड’ म्हणण्याची रीत पडली. राजवाड्याचे हिशेब तपासणाऱ्या एका इंग्रजी मंडळाला तर टेबलावरच्या हिरव्या कापडावरून ‘बोर्ड ऑफ ग्रीन क्लॉथ’ असे नाव होते. हा अर्थ भारतावर राज्यकारभारातून आला. ईस्ट इंडिया कंपनीवर सरकारचा अंकुश राहावा म्हणून ब्रिटनचे पंतप्रधान पिट यांच्या १७८४ च्या कायद्याने लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमले गेले. मुंबई इलाख्यात १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले, ज्याच्या सभासदांत जगन्नाथ शंकरशेट होते. १८५५ मध्ये त्याची जागा सरकारी शिक्षण खात्याने घेतली. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याच्या धोरणानंतर १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तरी ‘लोकल बोर्डाची शाळा’ हा शब्दप्रयोग वडीलधाऱ्यांच्या तोंडी पुढे कित्येक वर्षे टिकला. १ जानेवारी १९६६ रोजी माध्यमिक शिक्षणाचे राज्य मंडळ सुरू झाले आणि ‘बोर्ड’ म्हटले की परीक्षा, हे समीकरण घराघरांत पक्के झाले. ‘बोर्डात येणे’ म्हणजे गुणवत्ता यादीत झळकणे, हा अर्थ इंग्रजीत नाही. तो आपण घडवला आहे.

शासकीय मराठीने या अर्थासाठी ‘मंडळ’ हा शब्द निवडला. इंग्रजांना समोरची फळी दिसली, तर आपल्याला भोवती बसलेल्या माणसांचे वर्तुळ दिसले, आणि ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. पण लाकडावरून माणसांकडे जाण्याची वाट मराठीलाही अपरिचित नव्हती. शत्रूची फळी फोडणे म्हणजे त्याची रांग मोडणे. तिथे टेबलाचा काहीही संबंध नाही, खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली माणसेच एकसंध फळीसारखी दिसली आहेत. पक्षाची दुसरी फळी, आघाडीची फळी हे प्रयोग त्यातलेच. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या क्रिकेटच्या ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ला मराठी वृत्तपत्रे नियामक मंडळ म्हणतात, आणि त्याच पानावर भारताची मधली फळी कोसळल्याची बातमी देतात.