नाममुद्रेचे व्यक्तिरूप (समाजमाध्यमांवरील)

व्यापारी नाममुद्रेने (ब्रँडने) किंवा सेवाभावी संस्थेने समाजमाध्यमांवर माणसासारखा स्वभाव, बोलण्याची ढब व विनोदबुद्धी धारण करण्याची प्रथा. मराठी काव्यशास्त्रातील चेतनगुणोक्तीशी तिचे नाते आहे. मात्र तेथे निर्जीवावर मनुष्यगुणांचा आरोप कवी करतो, येथे नाममुद्रा स्वतःच बोलते आणि विचारल्यास उत्तरही देते.

उगमाविषयी एकमत नाही. काही जण मिशलँ या फ्रेंच टायर कंपनीच्या बिबेंडम या टायरांच्या मानवाकृती बोधचिन्हापासून (१८९८) आरंभ मानतात. भारतात एअर इंडियाचा महाराजा (१९४६; बॉबी कूका व चित्रकार उमेश राव) आणि अमूलची ठिपक्यांच्या झग्यातील मुलगी (१९६६; सिल्व्हेस्टर दाकुन्हा व यूस्टेस फर्नांडिस) ही पूर्वरूपे होत. मुंबईच्या फलकांवरून ताज्या घटनांवर शेरे मारणाऱ्या या मुलीत आजच्या शैलीचे बीज अधिक स्पष्ट दिसते. अभ्यासाच्या अंगाने, नाममुद्रेलाही व्यक्तिमत्त्व असते ही संकल्पना बर्ली गार्डनर व सिडनी लेव्ही या अभ्यासकांच्या १९५५ मधील लेखात आढळते. या व्यक्तिमत्त्वाच्या मापनाची चौकट जेनिफर आकर यांनी १९९७ मध्ये मांडली. तिच्या पाच परिमाणांपैकी कार्यक्षमता हा स्वभावगुणच नव्हे, हा ओद्रे आझुले व जां-नोएल काप्फेरेर यांचा आक्षेप (२००३) रास्त वाटतो. तथापि ही चर्चा नाममुद्रा ग्राहकाला कशी भासते एवढ्यापुरतीच राहते. उत्तर देणाऱ्या नाममुद्रेचा उलगडा डोनाल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांच्या १९५६ मधील विवेचनाने अधिक होतो. पडद्यावरचा निवेदक प्रेक्षकाला ओळखीचा वाटू लागतो, पण तो संबंध एकतर्फी असतो, असे त्यांनी दाखवले. समाजमाध्यमांवर प्रत्युत्तर मिळते; मात्र ते लिहिणारा कर्मचारी अनामिक राहतो.

हा कर्मचारी कधी अचानक उघडा पडतो. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसच्या ट्विटर खात्यावरून एका कर्मचाऱ्याचा बिअरविषयीचा खासगी मजकूर चुकून प्रसृत झाला. संस्थेने तो काढला आणि रेड क्रॉस शुद्धीवर असून गाडीच्या किल्ल्या जप्त केल्या आहेत, असे हसतखेळत कळवले. त्या बिअरच्या चाहत्यांनी उलट देणग्या दिल्या. देणगीदारांच्या विश्वासावर चालणाऱ्या संस्थेला मोकळी कबुली किती उपयोगी पडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

शासकीय यंत्रणांपैकी मुंबई पोलिसांचे खाते (डिसेंबर २०१५ पासून) चित्रपट संवादांच्या आधारे वाहतूक व सायबर सुरक्षेचे संदेश देण्यासाठी प्रसिद्ध आहे.

मराठीत या प्रथेला व्याकरणाची अडचण येते. ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हणताच नाममुद्रेचे लिंग ठरते; ‘आम्ही आलो’ने ते टळते, पण एका व्यक्तीचा आवाज हरवतो. वाचकाला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, हेही पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते.