काटा मारला नाही, तरी सोनं कमी कसं भरलं?

लक्ष्मी रोडवर सोनं घ्यायला गेलेला पुणेकर काट्याकडे टक लावून बघतोच, आणि बघावंच. पण समजा सराफाने काहीच चलाखी केलेली नाही, काटा नवाकोरा आहे, फक्त तो बर्लिनमध्ये सेट करून आणलाय आणि इथे आल्यावर परत कोणी कॅलिब्रेट केलाच नाही (म्हणजे माहीत असलेल्या वजनाशी जुळवून घेतलाच नाही), तर १० ग्रॅमचं नाणं त्यावर ९.९७ ग्रॅमच भरेल. मग ३० मिलिग्रॅम गेलं कुठे?

कुठेच नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याला कळतो तो फक्त वरून पडणारा भार, त्यावरून तो हिशेबाने ग्रॅम दाखवतो. गुरुत्वीय त्वरण, म्हणजे पृथ्वी वस्तूला किती जोरात खाली ओढते त्याचं माप, बर्लिनला ९.८१३ मीटर प्रति सेकंद वर्गच्या आसपास आणि पुण्यात साधारण ९.७८४, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ आणि वर समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच. फरक ०.०२९, भागिले ९.८१३, म्हणजे ०.३ टक्के. जुन्या दोन पारड्यांच्या तराजूला हे झंझटच नाही, दोन्हीकडे गुरुत्वाकर्षण सारखंच कमी.

आता हेच नाणं १०० वेळा ठेवून सरासरी काढली तर? पंख्याच्या वाऱ्याने, काउंटरच्या हादऱ्याने आकडा मागेपुढे होतो ती चूक १० पट कमी होईल, पण ३० मिलिग्रॅमला धक्का लागणार नाही. हीच सिस्टिमॅटिक एरर, म्हणजे दर वेळी एकाच बाजूला होणारी चूक. उलट आकडा दर वेळी तोच आला की माणूस निर्धास्त होतो, मला तर हेच जास्त डेंजर वाटतं.

पकडायची कशी, तर प्रमाणित वजनं ठेवून बघायचं. १०, ५०, १०० ग्रॅमला प्रत्येकी ३० मिलिग्रॅमच कमी दाखवलं तर काट्याचा झीरो सरकलाय, तेवढे मिळवले की काम झालं. पण ३०, १५०, ३०० असं वाढत गेलं तर चूक वजनाच्या प्रमाणात आहे, मग मिळवून भागत नाही, रीडिंगला १.००३ ने गुणायचं. आपल्या काट्याची केस ही दुसरी.

एवढं करूनही चूक शून्य होत नाही हां, कारण प्रमाणित वजनालासुद्धा थोडी अनिश्चितता असतेच. समजा ती ३ मिलिग्रॅम आणि काट्याची स्वतःची ४, तर सरळ बेरीज करून ७ धरत नाहीत. दोन्ही एकमेकांवर अवलंबून नसतील तर वर्ग करायचे, ९ अधिक १६, त्याचं वर्गमूळ ५, आणि वजन लिहायचं १०.००० ग्रॅम, अधिक-उणे ५ मिलिग्रॅम.