नभोवाणी आणि छोटे पक्ष (सातारा–सांगली)

रेडिओ किंवा दूरचित्रवाणीवर कमावलेला आवाज आणि चेहरा घेऊन राजकारणात उतरायचे आणि पुढे स्वतःचा छोटा पक्ष काढायचा, ही वाट जगात अनेकांनी धरली आहे. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत ती मळलेली नाही. इथे छोटे पक्ष निघाले, टिकले, फुटले. पण त्यांचे संस्थापक आले ते सभेच्या मैदानातून, शेतकरी आंदोलनातून आणि समाजाच्या मेळाव्यांतून. माइक त्यांच्याही हातात होता, पण तो प्रसारण केंद्रातला नव्हता. असे का घडले याचे उत्तर निम्मे या भागाच्या इतिहासात आहे आणि निम्मे प्रसारणाच्या कायद्यात.

या वाटेचे ठळक उदाहरण ब्रिटनमधले. रॉबर्ट किलरॉय-सिल्क हे १९७४ पासून मजूर पक्षाचे खासदार होते. १९८६ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली आणि बीबीसीवर रोज सकाळी प्रेक्षकांना बोलते करणारा कार्यक्रम हाती घेतला. तो २००४ च्या जानेवारीपर्यंत चालला. अरबांविषयी वृत्तपत्रात लिहिलेल्या एका लेखावरून गदारोळ झाला आणि कार्यक्रम बंद पडला. त्याच वर्षी जूनमध्ये ते यूके इंडिपेन्डन्स पक्षातर्फे युरोपीय संसदेवर निवडून आले. नेतृत्वावरून बिनसले तेव्हा बाहेर पडले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये त्यांनी ‘व्हेरिटास’ हा पक्ष काढला. मे महिन्यातल्या सार्वत्रिक निवडणुकीत इरवॉश मतदारसंघात ते चौथे आले आणि जुलैत त्यांनी पक्षाचे नेतृत्वही सोडले. रोज लाखो घरांत पोचणारा माणूस सहा महिन्यांत पक्ष काढून तो सोडूनही मोकळा झाला, कारण त्याला ओळखणारे घरोघरी होते आणि त्याच्यासाठी गावात फिरणारे कोणीच नव्हते. पुढे २०१५ मध्ये तो पक्ष दुसऱ्या एका पक्षात विलीन झाला.

भारतात अलीकडचे उदाहरण तेलंगणातले आहे. वृत्तवाहिनीवर खास तेलंगणी बोलीत बातम्या सांगून गाजलेले तीनमार मल्लण्णा काँग्रेसमधून विधान परिषदेवर गेले आणि २०२५ मध्ये त्यांनी स्वतःचा पक्ष स्थापन केला. महाराष्ट्रात वृत्तवाहिनीचे पत्रकार इम्तियाज जलील २०१४ मध्ये औरंगाबादेतून आमदार आणि २०१९ मध्ये खासदार झाले, पण ते आधीपासून असलेल्या पक्षाचे उमेदवार म्हणून.

सातारा–सांगलीत आवाजाचे राजकारण रेडिओच्या आधीपासूनचे आहे. १९४९ पर्यंत हा बहुतेक सगळा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता. मग उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली पडले. १९४३ ते १९४६ या काळात इथे इंग्रजांच्या राज्याला समांतर असे प्रति सरकार (लोकांच्या तोंडी पत्री सरकार) चालले, ते क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या भाषणांवर आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या जाळ्यावर. येडेमच्छिंद्रच्या या माणसाने १९३० मध्ये तलाठ्याची नोकरी सोडली ती कायमची. ते बोलत ते रानात, देवळापुढे, लग्नाच्या मांडवात. कमी खर्चात, हारतुऱ्यांवर लावलेल्या गांधी विवाहांत वऱ्हाडी मंडळी हीच सभा असे. त्यांची भाषा शेतकऱ्याची होती. ओव्या, अभंग, म्हणी आणि शेतातले दाखले त्यात आपसूक येत. शाहिरांचे पोवाडे त्याच्या जोडीला. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९४४ मध्ये लाल बावटा कलापथकात उतरले ते याच मातीतली लोककला घेऊन. वक्ता कसा असावा याची या मुलखाची कसोटी ठरली ती इथे. समोर उभा राहून, नाव घेऊन, उलट प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देणारा वक्ताच इथे पुढारी ठरतो, असे माझे मत आहे आणि पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांनी ते खोटे ठरवलेले नाही.

याच फळीतून पहिला मोठा ‘छोटा पक्ष’ उभा राहिला. १९४७–४८ मध्ये काँग्रेसमधून फुटून शेतकरी कामगार पक्ष निघाला, त्यात नाना पाटील आघाडीवर होते. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९५७ च्या संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले.

रेडिओ इथे आला तो राजकारणाला वळसा घालूनच. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने शेतकऱ्यांसाठी श्रवण मंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा अशा पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यात होती. १९ फेब्रुवारी ते २६ एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, रविवारी आणि गुरुवारी, अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. असे २० कार्यक्रम झाले. गावातले वीसेक जण सार्वजनिक रेडिओभोवती बसत, ऐकून झाले की चर्चा करत, आणि एक जण ती टिपून पुण्याला कळवत असे. ऐका, चर्चा करा, अमलात आणा, हे प्रयोगाचे सूत्र होते. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावकारभाराचे. ज्या गावांत दहा-बारा वर्षांपूर्वी प्रति सरकारची न्यायदान मंडळे बसली होती, तशाच गावांत ही मंडळे बसली. निवाडा करायची सवय असलेल्या माणसांना खत-बियाण्यांवर चर्चा करायला मिळाली. पक्षाचे नाव मात्र त्यात कुठेच नव्हते.

१९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झवरचे हे केंद्र सांगली, सातारा, कोल्हापूरच्या शेतकऱ्यांना, गायकांना, नाटकवाल्यांना आपले वाटले. पण आकाशवाणीचा कायम कर्मचारी हा केंद्र सरकारचा नोकर. १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार त्याला पक्षाचे सभासद होता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, प्रचारही करता येत नाही. घराघरांत ओळखला जाणारा निवेदक नोकरीत असेपर्यंत मतदारापुढे उभा राहूच शकत नव्हता. आटपाडी तालुक्यातले माडगूळकर बंधू याचा दाखला आहेत. व्यंकटेश माडगूळकर १९५५ पासून पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांत अनेक वर्षे होते आणि माणदेशी बोलणे त्यांनी रेडिओवर आणले. नोकरीत नसलेले, पण रेडिओवरच्या गीतांमुळे महाराष्ट्रभर पोचलेले ग. दि. माडगूळकर १९६२ मध्ये विधान परिषदेवर गेले ते नियुक्त सदस्य म्हणून. पक्ष दोघांपैकी कोणीच काढला नाही.

छोट्या पक्षासाठी प्रसारणाचे दार दुसऱ्या बाजूनेही बंद आहे. पक्षाची नोंदणी होते लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ खाली. किमान १०० सभासद लागतात आणि पक्ष स्थापन झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. मान्यतेसाठी १९६८ च्या चिन्ह आदेशातील कसोट्या आहेत. विधानसभेच्या बाबतीत एक कसोटी सहा टक्के मते आणि दोन आमदारांची, दुसरी तीन टक्के जागांची. महाराष्ट्राच्या २८८ जागांत तीन टक्के म्हणजे नऊ आमदार. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर प्रचाराची मोफत वेळ फक्त मान्यताप्राप्त पक्षांना मिळते: विधानसभेला प्रत्येकी किमान ४५ मिनिटे, शिवाय मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या प्रमाणात जादा. एका वेळी १५ मिनिटांहून अधिक नाही, आणि भाषणाची संहिता आधी तपासायला द्यावी लागते. १९७७ पासून चाललेल्या या पद्धतीत नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला एक मिनिटही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्या मालमत्तेतला पाच मिनिटांचा तुकडाही साताऱ्यातल्या माणच्या किंवा सांगलीतल्या वाळव्याच्या पक्षाला मिळू नये, हे मला अन्यायाचे वाटते.

माण तालुक्यात हा पेच एकाच ठिकाणी दिसतो. म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर २००८ पासून चालते. चेतना सिन्हा यांच्या माणदेशी संस्थेचे हे केंद्र बायकांचा बाजार, बचत, शेळ्या, पाणी यांवर माणदेशी बोलीत बोलते. त्याच तालुक्यातल्या पळसावडे गावचे महादेव जानकर यांनी २००३ मध्ये राष्ट्रीय समाज पक्ष स्थापन केला. २००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणानुसार राजकीय पक्ष आणि त्यांच्या संलग्न संघटना अशा केंद्राच्या परवान्याला पात्र नाहीत, आणि केंद्रावर स्वतःच्या बातम्या किंवा राजकीय कार्यक्रम लावता येत नाहीत. माणदेशचा रेडिओ आणि माणदेशचा पक्ष शेजारी असूनही एकमेकांशी बोलू शकत नाहीत. जानकर वाढले ते धनगर समाजाच्या मेळाव्यांतून, मैदानी भाषणांतून. २००९ मध्ये माढ्यात शरद पवारांविरुद्ध आणि २०१४ मध्ये बारामतीत सुप्रिया सुळे यांच्याविरुद्ध ते लढले. बारामतीत त्यांनी साडेचार लाखांवर मते घेतली. २०१६ मध्ये ते राज्यात मंत्री झाले. २०१४ ला दौंड आणि २०१९ ला गंगाखेड अशा विधानसभेच्या जागा पक्षाने जिंकल्या, पण मान्यतेची पायरी दूर राहिली.

सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या मरळनाथपूरचे सदाभाऊ खोत ऊस आणि दुधाच्या आंदोलनांतून पुढे आले. राजू शेट्टी यांच्या संघटनेतून बाहेर पडल्यावर त्यांनी २०१७ मध्ये रयत क्रांती संघटना काढली. त्यांचेही भांडवल रांगडे, गावाकडच्या बोलीतले भाषणच. कासेगावच्या भारत पाटणकरांचे श्रमिक मुक्ती दल १९८० पासूनचे. समन्यायी पाणीवाटपाचा मुद्दा त्यांनी आटपाडी–खानापूरच्या दुष्काळी भागात लावून धरला, पण त्यांनी मुख्यतः चळवळच केली.

प्रत्यक्ष निवडणुकीत छोट्या पक्षाचे प्रसारण म्हणजे भोंगा लावलेली रिक्षा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, यांना दहा लागतात. चिन्ह बरेचदा हाती येते ते माघारीची मुदत संपल्यावर, म्हणजे मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरलेले असताना. तेवढ्या दिवसांत वाडीवस्तीवरच्या म्हातारीला चिन्ह पाठ व्हायला हवे. म्हणून सकाळी सहा ते रात्री दहा या मुदतीत रिक्षा फिरते आणि ‘ताई माई अक्का, विचार करा पक्का’ या जुन्या चालीवर नवे चिन्ह बसवून पुन्हा पुन्हा वाजवते. एक-षष्ठांश मते पडली नाहीत तर विधानसभेचे दहा हजार आणि लोकसभेचे पंचवीस हजार रुपये अनामत जप्त होते. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना रक्कम निम्मी. गावचा उमेदवार ही रक्कम बरेचदा वर्गणीतून उभी करतो, त्यामुळे अनामत गेली तर ती गावाची गेलेली असते.

केबलवरच्या स्थानिक वाहिन्यांनी आणि मागाहून मोबाइलवरच्या वार्तापत्रांनी चित्र थोडे हलवले आहे. मोबाइलवर वाहिनी काढायला प्रसारणाचा परवाना लागत नाही आणि सभेतले दहा मिनिटांचे भाषण रात्रीपर्यंत तालुकाभर फिरते. प्रचाराच्या जाहिरातींना माध्यमांवर देखरेख करणाऱ्या जिल्हा समितीचे पूर्वप्रमाणपत्र लागते, बातमीला आणि मुलाखतीला नाही. निवेदकातून पुढारी घडण्याची जागा या जिल्ह्यांत पहिल्यांदा तयार झाली ती इथे. त्याच वेळी कागदावरचे पक्ष मात्र कमी होत आहेत: सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेल्या ३३४ नोंदणीकृत पक्षांची नावे निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरातून वगळली.