‘पैसा गावातच फिरतो’ म्हणे!

जळगावच्या केळीपट्ट्यात, रावेर-यावलकडे पानटपरीवर हमखास ऐकू येतं: ‘ऑनलाइन सट्ट्यात एक हरतो, दुसरा जिंकतो, पैसा गावातच फिरतो.’ साफ चूक. समजा, दोन्ही संघांना १.९० भाव आहे, म्हणजे जिंकल्यास रुपयाला १.९० परत. दोघांनी समोरासमोर १००-१०० लावले, तर जिंकणाऱ्याच्या हाती येतात १९०. उरलेले १० अ‍ॅपवाल्याचे, सामना कुणीही मारो. तेच १९० पुन्हा लावले की पुन्हा कात्री. केळीचं पेमेंट असंच आटतं. मग खतवाल्याकडे उधारी आणि घरात धुसफूस.

‘कौशल्याचा खेळ आहे, चालतो’ ही पळवाटही आता नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, एवढं मात्र टपरीवरचे वकील बरोबर सांगतात.