एचडी वाहिन्या आणि ट्रान्सपाँडरची टंचाई

डीटीएचवर अमुक एचडी वाहिनी का दिसत नाही, असं विचारलं की कितीतरी वर्षं एकच ठरलेलं उत्तर मिळायचं: 'ट्रान्सपाँडरवर जागा नाही.' ट्रान्सपाँडर म्हणजे जमिनीवरून आलेले सिग्नल परत खाली पाठवणारा उपग्रहावरचा भाग. ऐकायला बहाणा वाटायचा, पण त्यात बरंच तथ्य होतं.

साधं चित्र 720 गुणिले 576 बिंदूंचं, पूर्ण एचडी 1920 गुणिले 1080 चं. म्हणजे बरोब्बर पाचपट. 36 मेगाहर्ट्झचा एक ट्रान्सपाँडर डीव्हीबी-एस या जुन्या उपग्रह-प्रक्षेपण पद्धतीत सेकंदाला जेमतेम 38 मेगाबिट वाहून नेतो. चित्र दाबून लहान करण्याच्या एमपेग-2 या पद्धतीत त्यावर डझनभर साध्या वाहिन्या सहज मावतात, एचडी मात्र दोनच. डीटीएच कंपन्यांनी एचडीला मागे का ठेवलं, हे वेगळं सांगायला नको.

मग जास्तीचे ट्रान्सपाँडर का घेतले नाहीत? भारतात डीटीएचला परवानगी मिळाली 2000 च्या अखेरीस. डिश टीव्ही 2003 मध्ये आलं, टाटा स्काय ऑगस्ट 2006 मध्ये. टाटा स्कायची भिस्त इन्सॅट-4ए या उपग्रहावर होती आणि त्यावर केयू बँडचे (डीटीएचसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरींच्या पट्ट्याचे) ट्रान्सपाँडर फक्त 12. गच्चीवरची छत्री आकाशातल्या एकाच बिंदूकडे रोखलेली असते. त्यामुळे नवी जागाही तिथेच, 83 अंश पूर्वेला मिळायला हवी. शेजारच्या उपग्रहावरची रिकामी जागा उपयोगाची नाही. परदेशी उपग्रह घ्यायचा तर तेव्हा व्यवहार अंतराळ विभागाच्या अँट्रिक्स या कंपनीमार्फत करावा लागे. आणि घरचे उपग्रह वेळेवर येईनात. 10 जुलै 2006 ला जीएसएलव्ही रॉकेट कोसळलं, त्यासोबत इन्सॅट-4सी चे 12 केयू ट्रान्सपाँडर गेले. जुलै 2010 मध्ये इन्सॅट-4बी ची वीज अपुरी पडू लागली आणि त्याचे निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले. त्यावर चालणाऱ्या सन डायरेक्ट या डीटीएच कंपनीला मलेशियाच्या मीसॅट-3 वर जावं लागलं आणि ग्राहकांच्या छत्र्या नव्याने फिरवाव्या लागल्या.

त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण केलं आणि खासगी कंपन्यांतही एचडीची चढाओढ लागली. तोवर खरी जागा केली होती ती एमपेग-4 आणि डीव्हीबी-एस2 या आधीच्या दोन पद्धतींच्या सुधारित जोडीने: तेवढ्याच ट्रान्सपाँडरवर आता पाचसहा एचडी वाहिन्या बसू लागल्या. अडचण घराघरांतल्या जुन्या बॉक्सची. ते एमपेग-4 वाचत नसत, आणि लाखो बॉक्स बदलून देण्याचा खर्च कंपनीच्या माथी. सन डायरेक्टने पहिल्यापासून एमपेग-4 घेतलं, म्हणून ही कटकट त्यांना झाली नाही. शिवाय मॉड्युलेशन (लहरीवर माहिती चढवण्याची रीत) जितकं दाट, तितका पावसाचा त्रास जास्त; कोकणात आषाढाच्या सरीत पडद्यावर आधी चौकोन आणि मग 'नो सिग्नल' का येतं, ते यावरून कळेल.

कलर्स मराठी, स्टार प्रवाह आणि झी मराठी यांच्या एचडी आवृत्त्या 2016 मध्ये निघाल्या, म्हणजे हिंदी मनोरंजन आणि क्रिकेटने आधीच रांग अडवल्यावर.

जून 2022 मध्ये जीसॅट-24 हा उपग्रह फ्रेंच गयानातल्या कूरूहून गेला. त्याचे सगळे 24 केयू ट्रान्सपाँडर टाटा प्लेने (म्हणजे पूर्वीच्या टाटा स्कायने) भाड्याने घेतले. 600 वरून 900 वाहिन्यांपर्यंत क्षमता जाईल, असं 2023 मध्ये सांगण्यात आलं. पण एव्हाना प्रेक्षकच पांगू लागले होते: दूरसंचार नियामक ट्रायच्या आकडेवारीत सुमारे 7 कोटींवर गेलेले डीटीएच ग्राहक 2024 पर्यंत सव्वासहा कोटींच्याही खाली आले.