बिब्बा, काजू आणि एक चोरलेलं नाव

थंडी पडली की डिंकाच्या लाडवांचं सामान आणायला जळगावच्या बाजारात चक्कर होतेच. तिथे काजूच्या बरणीशेजारी गोडंबी असते. पांढुरकी, चपटी, खाल्ली तर काजू-बदामाच्या मधली चव. आमची मोठी माय म्हणायची, "काजू कोकणना, गोडंबी आपली." गोडंबी म्हणजे बिब्याच्या आतला गर, आणि बिब्बा नि काजू सख्खे नसले तरी एकाच भावकीतले. दोघेही आंब्याच्या कुळातले, चारोळीसुद्धा त्यातलीच.

हिवाळ्यात सातपुड्यात बिब्याचं झाड दिसलं तर फळ नीट बघा. नारिंगी, गरदार फुगवटा आणि त्याच्या टोकाला काळंभोर बी. ज्याने काजूचं बोंड पाहिलंय त्याला वेगळं सांगावं लागत नाही. काजूचं बोंड म्हणजे फुगलेला देठ; वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने फळ म्हणायचं ते त्याखाली लोंबणाऱ्या बीलाच. वाढतेही आधी बीच. ती जवळपास पूर्ण आकाराची झाली की मग देठाला फुगायची घाई होते.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात काजू ब्राझीलमधून आपल्याकडे आणला. तिथल्या तुपी लोकांच्या 'अकाजू' या शब्दाचा आपण 'काजू' केला. शास्त्रीय नावाची गोष्ट त्याहून मजेची. युरोपातले जुने औषधविक्रेते 'अ‍ॅनाकार्डियम' म्हणायचे ते आपल्या बिब्याला. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली ते नाव काजूला देऊन टाकलं. बिब्याला पुढे 'सेमेकार्पस', म्हणजे खुणेचं फळ, असं नाव मिळालं. परीट कपड्यांवर बिब्याने खुणा करायचे, वर चुना लावला की डाग कायमचा. त्यावरून हे नाव.

हा डाग पाडणारं तेल दोघांच्याही टरफलात असतं. काजूच्या टरफलाचे दोन थर असतात आणि मधे मधाच्या पोळ्यासारखी जाळी. तेल त्या जाळीत भरलेलं. त्यातले रेणू म्हणजे फिनॉल या रसायनाच्या कड्याला जोडलेली पंधरा कार्बनची लांब शेपटी. शेपटीमुळे तो रेणू कातडीत सहज शिरतो आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतो. मग शरीराच्या संरक्षक पेशी आपल्याच कातडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतात. म्हणून बिब्बा लगेच उतत नाही, बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी फोड येतात. कामात 'बिब्बा घालणारा' माणूसही असाच, उशिरा कळतो.

दुकानात 'कच्चा' म्हणून मिळणारा काजूही खरा कच्चा नसतो. टरफल फोडण्याआधी बी वाफवतात किंवा भाजतात. काढलेलं तेल वाया जात नाही. रंगांत आणि गाड्यांच्या ब्रेक-लायनिंगमध्ये जातं.

मग खानदेशात काजूच्या बागा का नाहीत? तापीकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, केळीला-कापसाला ती मानवते. काजूच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही, त्यांना कोकणातली निचऱ्याची तांबडी जमीन हवी. बिब्याने मात्र डोंगराचा उतार आधीच धरलाय.

बिबे फोडणाऱ्या बाया हातांना राख किंवा तेल चोळून बसतात, तरी बोटांची टोकं काळी होतातच. गोडंबी घेताना मी अजूनही मूठभर दाणे तळहातावर पसरून बघतो. टरफलाचा काळा कण चिकटलेला दिसला की तो दाणा बाजूला.