रक्तातली फॅटी अ‍ॅसिडं आणि बीपी

रक्तातली मोकळी फॅटी अ‍ॅसिडं म्हणजे चरबीतून सुटी झालेली आणि अल्ब्युमिन या प्रोटीनला चिकटून रक्तात फिरणारी अ‍ॅसिडं. ती सतत जास्त राहिली तर रक्तवाहिन्या नीट सैलावत नाहीत आणि बीपी वर सरकतं. कोलेस्टेरॉल वेगळं, ट्रायग्लिसराइडही वेगळं (त्यात तीन फॅटी अ‍ॅसिडं एकत्र बांधलेली असतात), आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ही मोकळी अ‍ॅसिडं मोजतच नाहीत, त्यामुळे रिपोर्ट हातात घेऊन त्यात ती शोधू नका.

नाशकात बीपी निघालं की पहिला आळ येतो मिसळीच्या तर्रीवर. पण उपाशीपोटी रक्तात जी मोकळी अ‍ॅसिडं असतात ती बहुतेक आपल्याच साठलेल्या चरबीतून आलेली असतात. जेवलं की इन्सुलिन वाढतं, चरबी फुटायची थांबते, आणि ही अ‍ॅसिडं उलट कमी होतात. वाढतात ती ट्रायग्लिसराइडं, तीही तीनचार तासांनी. पोट सुटलेल्या माणसात मात्र इन्सुलिनचं कोणी ऐकत नाही, चरबी फुटतच राहते, आणि आतड्यांभोवतीच्या चरबीतला माल तर थेट यकृताकडे जातो. म्हणून वजनापेक्षा कंबर मोजलेली बरी, आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही हद्द धरतात. टेन्शन, सिगारेट, कमी झोप यांनीही ही अ‍ॅसिडं वाढतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नाइट शिफ्ट करून दिवसा तीनचार तास झोपणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता नळीच्या आत काय होतं ते. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम, तो नायट्रिक ऑक्साइड सोडतो आणि त्याने भिंतीतला स्नायू सैल पडतो (हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं, फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना). फॅटी अ‍ॅसिडं जास्त झाली की हा वायू बनवणारं एन्झाइम मंदावतं, त्यात पेशीत ऑक्सिजनचे तिखट रेणू वाढतात आणि बनलेला थोडाफार वायूही मारून टाकतात. वर आकुंचन करणारं एंडोथेलिन वाढतं आणि अ‍ॅड्रेनालिनच्या जातीच्या हार्मोन्सना नळी जास्तच दाद देते. हे नुसतं अनुमान नाही, धडधाकट माणसांना सोयाबीन तेलाचं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं तेल) आणि हेपरिन (रक्त पातळ करणारं औषध, ते या तेलातून फॅटी अ‍ॅसिडं सुटी करायला लावतं) शिरेतून देऊन पाहिलंय, काही तासांतच वाहिन्यांचं सैलावणं कमी झालं, बीपीही चढलं.

तरी ही अ‍ॅसिडं शत्रू नाहीत, हृदयाची निम्म्याहून जास्त ऊर्जा एरवी त्यांच्यावरच भागते. सकाळी गोल्फ क्लब मैदानावर झपाझप चालणाऱ्यांच्या रक्तातही ती सुटतात, पण तिथे स्नायू ती जाळून टाकतात. प्रश्न येतो जेव्हा सुटतात आणि वापरायला कोणी नसतं.

अ‍ॅसिडाच्या जातीवरही बरंच ठरतं. पाम तेलात पामिटिक अ‍ॅसिड साधारण ४४ टक्के, ते एंडोथेलियमला जास्त त्रास देतं, शेंगदाणा तेलातलं ओलेइक त्यामानाने सौम्य. ट्रान्स फॅट सगळ्यात वाईट, जानेवारी २०२२ पासून एफएसएसएआयने (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) तेला-वनस्पतीत त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. राहिली मिसळ, तर बीपीच्या हिशोबाने तर्रीपेक्षा फरसाण, पापड आणि पावातलं मीठ जास्त नडतं, हे माझं मत, पण मीठ-बीपीचं नातं पक्कं आहे.

बांगड्यासारख्या माशांतली ओमेगा-३ जातीची फॅटी अ‍ॅसिडं, म्हणजे ईपीए आणि डीएचए, वाहिन्यांना मदत करतात. जवसाच्या चटणीत वेगळं ओमेगा-३ असतं, शरीर त्यातलं फारच थोडं ईपीएत बदलतं, तरी चटणी खायला हरकत नाही. रोज २-३ ग्रॅम ईपीए-डीएचए घेतलं तर बीपी दोनतीन पॉइंटने उतरतं, एवढंच. म्हणून बीपीची गोळी बंद करून ओमेगा-३ची कॅप्सूल सुरू करणं चूक, त्यात जास्त डोसने काहींना हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास, एट्रियल फिब्रिलेशन, वाढलेला दिसलाय.